दुमडलेलं टोक

आमचे सासरे चाळीस वर्षं गॅरेज चालवतात आणि तेवढीच वर्षं जगाला उपदेश करतात. ‘गाडी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो,’ हे वाक्य मला लग्नाच्या बोलणीपासून तोंडपाठ आहे. बायकोला मात्र बापाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या सकाळी ऑफिसातल्या सहकाऱ्याची जुनी गाडी त्यांना दाखवायला नेली. पसंत पडली तर दुपारी त्याच गाडीतून, दोन वर्षांच्या पोरीसकट, डोंगरापलीकडे बायकोच्या नव्या नोकरीच्या गावी निघायचं होतं. म्हणून बायको, पोरगी आणि डिकीत भरलेलं सामान, सगळं बरोबरच नेलं होतं. म्हातारा काहीतरी खोड काढणार, या धास्तीने मी आधीच चिडलो होतो.

त्यांनी कुठलंही यंत्र लावलं नाही. स्पीडोमीटरच्या डायलजवळचं बटण दाबून धरलं आणि किल्ली फिरवली.

"बघा जावईबापू, आता सगळे दिवे लागतील. मग किलोमीटरच्या जागी बिघाडाचा नंबर येईल."

काटे उठले, खाली बसले. दिवे लागले. सासरे पुढे वाकले.

"ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागला नाही."

तेवढ्यात किलोमीटरच्या जागी एक अक्षर आणि चार आकडे उमटले. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर गेलेला. म्हणजे ओल्या उतारावर जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊन गाडी घसरणार, आणि समोर साधा दिवाही लागणार नाही.

"अहो, दिवा उडाला असेल," मी म्हणालो.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन डायल उघडला. आत त्या दिव्यावर काळी टेप चिकटवलेली होती. तिचं एक टोक दुमडलेलं होतं, काढताना नखाला सापडावं म्हणून.

आमच्या घरातल्या प्रत्येक वायरीला, पोरीच्या मोडक्या खेळण्यालासुद्धा सासऱ्यांनी लावलेली अशीच, टोक दुमडलेली टेप आहे. बायकोनेही पाहिलं.

"बाबा?"

त्यांनी टेपच्या दुमडलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मला त्यांची कीव आली आणि तितकाच संतापही आला.

"गाडीचा रंग बदललाय, म्हणून ओळखली नाही," ते म्हणाले. "तेव्हा पांढरी होती. आधीच्या मालकाला विकायची घाई होती. म्हणाला, दिवा तेवढा झाका."

"आणि घेणाऱ्याला सांगितलंत?"

"नाही."

पोरगी मागच्या सीटवर पट्ट्याशी खेळत होती. बायकोने तिला उचलून बाहेर काढलं आणि छातीशी धरलं.

"अशा अजून किती गाड्या?"

‘ही एकच’ म्हणतील, असं मला वाटलं. खरं सांगतो, खोटं का होईना, पण तसंच म्हणावं असं वाटलं. सासऱ्यांनी मान खाली घातली.

"सात."

बायकोने पोरगी माझ्याकडे दिली. टेबलावरचा त्यांचा फोन आणून त्यांच्या काळ्या, तेलकट हातात ठेवला.

"लावा," ती म्हणाली. "एकेकाला."