पायाला कानडी, पान्याला मराठी

त्या दिवशी सकाळी आम्ही नवराबायकोनं मिळून गाडीच्या क्लचची हवा काढली. केलगेरीच्या घरापुढं मी गाडीखाली आडवा, ती वर पॅडलवर पाय ठेवून. दोघांनी मिळून केलेलं साधं काम ते शेवटचं.

तिनं पॅडल दाबून धरायचं, मी खालचं हवेचं निपल पान्यानं ढिलं करायचं, बुडबुडे गेले की आवळायचं, मगच तिनं पाय उचलायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मी निपल "सोडतो" म्हणालो की ही पाय सोडायची. हवा परत आत. तिथंच भांडण. मग ठरवलं, पायाला कानडी, पान्याला मराठी: ओत्तु म्हणजे दाब, बिडु म्हणजे सोड.

"ओत्तु!"

"दाबलं."

"सोडतो... आवळलं. बिडु!"

"अहो, माझा पाय आहे का हातपंप? अजून किती?"

"भाषण नको. ओत्तु!"

पॅडल कडक झालं. पण आठवड्यात दोनदा क्लचचं तेल घातलं होतं मी, म्हणजे ते कुठंतरी गळत होतं. गोकुळ रोडच्या गॅरेजात जन्म गेला माझा पाने फिरवण्यात. गिऱ्हाइकाची गाडी असती तर खालचा सिलिंडर उघडून रबरी वायसर बघितल्याशिवाय सोडली नसती. घरची म्हणून हवा काढून भागवलं.

दुपारी हुबळीला निघालो. तिला दुर्गदबैलाच्या बाजारात झंपराचं कापड बघायचं होतं. नवलूर मागं पडलं आणि ती म्हणाली, "अहो, छातीवर कोण बसल्यागत होतंय." बघतो तर घामानं केस कपाळाला चिकटलेले. कापड राहू दे म्हणालो, आधी दवाखाना. गाडी पळवली. सिग्नलला पाय दिला, पॅडल गेलं तळाला. चारदा मारलं. गिअर करकरला, गाडी बंद.

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न धरला. "अज्जा, मुंदक होगरी!" पुढं चला म्हणून ओरडत होता.

ती म्हणाली, "त्याचीच रिक्षा करू या का?"

"गप बस. पोचवतो मी."

क्लचशिवाय गाडी चालवता येते. बंद गाडी पहिल्या गिअरात टाकायची, स्टार्टर मारायचा, हिसका देऊन ती निघते. मी निघालो. पुढच्या सिग्नलला परत बंद, परत हिसका. प्रत्येक हिसक्याला ती दार घट्ट धरायची. तिसऱ्या वेळी म्हणाली, "जमतंय हो तुम्हाला." मला बरं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला लिहू? त्यानंतर ती बोलली नाही.

दवाखान्यात तिला आत घेतलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. मी विचारलं, "आधी आणली असती तर वाचली असती?" ते म्हणाले, "आता तो विचार करू नका." म्हणजे काय ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेळगावाहून तिचा धाकटा भाऊ आला. अंगणात जमलेले लोक त्याला सांगत होते, नशीब, कुणाच्या हातात नसतं. तो माझ्याजवळ येऊन बसला. "दाजी, काय झालं हो?"

मी म्हणालो, "रिक्षा करू म्हणाली होती. मी केली नाही. मला माझी गाडी चालवून दाखवायची होती."

 तो उठला, म्हणाला, "अंघोळ करून घ्या. लोक थांबलेत."

मी अंघोळ केली. मूलबाळ नाही आम्हाला. विस्तवाचं मडकं मीच धरलं आणि पुढं चालू लागलो.