समुद्राशी भांडणारा शेजारी

मी आणि शेजाऱ्याने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कांद्याच्या वाफ्यावरून भांडण. मी वाफा खुरपून लख्ख केला, त्याने येऊन त्यावर पेंढा पसरला. उघड्या मातीला इतका घाबरणारा माणूस न्यूनेन या डच गावात काय, अख्ख्या जगात नसेल. खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आम्हाला शेजारीशेजारी भाजीचे तुकडे भाड्याने दिलेत. तो मॉरिशसचा, मुलीकडे आलेला. मी साखर कारखान्यातला फिटर, सातवी पास, मुलाकडे आलेला. त्याच्या पणज्याने कोकणातून नेलेली मराठी त्याने लोणच्यासारखी जपलीय, अधूनमधून फ्रेंचची फोडणी घालून.

तिकडे तो जमीन खात्यात होता. उतारावरच्या उसात वाळ्याच्या आडव्या ओळी लावून माती अडवायची, किनाऱ्यावर वेली लावून वाळू धरायची, हेच जन्मभर केलं. "भाऊ, बेटाला मागे सरकायला जागा नसते," म्हणायचा. बरं, तिकडचं तिकडे ठेवावं की नाही? हा इथे बसथांब्यामागे उघडी जमीन दिसली की पिशवीतला पाला काढून अंथरणार. हूफडॉर्पला आम्ही एका सत्यनारायणाला गेलो. गाव समुद्राच्या पातळीखाली आहे असं कुणीतरी बोललं, तर हा प्रसाद घ्यायला बूट घालून उंबऱ्यात बसला! यजमानीणबाई लाल झाल्या. "पळायला बरं," म्हणाला.

माझी बायको मात्र त्याच्यावर खूश. माझ्या बोलण्यावर जांभया देणारी ही बाई वाळ्याची मुळं किती खोल जातात ते मन लावून ऐकायची. "भावजी, मग त्या किनाऱ्याचं काय झालं?" मी मुद्दाम फावडं आपटायचो. "अहो, हळू आपटा, ऐकू येत नाही," मलाच दटावायची. जळायचो मी, खोटं कशाला बोलू?

हिवाळ्यात ती गेली. दिवस झाल्यावर तो सहज बोलून गेला, "वहिनी म्हणायच्या, पुढच्या पेरणीला मी नसणार." मला नव्हतं सांगितलं तिने. त्याला सांगितलं.

आता त्याच्या गावचा किनारा तुटतोय, आणि हा या वयात तिथे वेली लावायला निघाला. त्याचाही मला हेवा वाटला. त्याचा वैरी समोर दिसतो, मुळांनी थोडा तरी थोपवता येतो. माझ्या हातात काय होतं?

पेंढ्यावरून भांडलो त्या दिवशी वाफ्यावर तो म्हणाला, "भाऊ, उद्या सकाळी निघतो. काही बोलायचंय?"

विचारायचं तर होतं. तोंडातून निघालं, "तुमचा पेंढा उचला."

तो हसला, हात जोडले आणि गेला. पेंढा काही उचलला नाही.

सकाळी मी चहा न घेता त्याच्या मुलीच्या दारात गेलो. बॅगा गाडीत चढल्या होत्या. मी गाडीचं दार धरलं. "ती तुमच्याशी आणखी काय बोलायची ते सांगा. सगळं."

"बाबा, विमान," मुलगी घायकुतीला आली. त्याने तिला हातानेच थांबवलं आणि पायरीवर माझ्याशेजारी बसला. सांगत गेला. बहुतेक माझ्याच तक्रारी होत्या. हट्टी, घुमा, पानात मीठ नसलं तर तोंड उघडणार, एरवी नाही. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. एकही खोडून काढली नाही.