रेषेखालचं टिंब

महाजन सरांना कोणी गाडीवाला भेटला, की ख्यालीखुशालीच्या आधी ते विचारत, “अ‍ॅव्हरेज किती देते?” धुळ्यातल्या कितीतरी ड्रायव्हरांना ते पेट्रोलपंपाचे मालक वाटत. प्रत्यक्षात सर आमच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी बी.एस्सी.ला होते. सहसंबंध शिकवायला सरांनी आम्हाला जीपच्या स्टँडवर नेलं. गाडीचं वजन किती आणि लिटरमागे ती किती किलोमीटर जाते, एवढं विचारायचं आणि आलेखावर प्रत्येक गाडीचं एक टिंब मांडायचं. गाडी जड तसं अ‍ॅव्हरेज कमी, म्हणून टिंबं उजवीकडे उतरत गेली. मग सरांनी सगळ्यांना शक्य तितकी जवळ पडेल अशी एक सरळ रेषा त्यांतून ओढली. “ही कुणाच्या दारात थांबेलच असं नाही,” ते म्हणाले, “पण सगळ्यांच्या गल्लीतून जाते.”

आमच्या संस्थेच्या गाड्याही त्यात होत्या. त्यांतलं एक टिंब रेषेच्या बरंच खाली पडलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळेला धान्य नेणारी ती जीप. चालवायचे भिलानाना, अबोल, सरांच्याच वयाचे. आलेख वर्गाच्या भिंतीवर लागला, संस्थेच्या सचिवांनी तो पाहिला आणि नानांना घरी बसवलं.

“डिझेल विकतो तो,” सचिव सगळ्या प्राध्यापकांदेखत सरांना म्हणाले. “तुमच्याच आलेखात दिसतंय, महाजन.”

सर त्या दिवशी वर्गात आले ते भिंतीकडेच बघत राहिले. मग लाल पेन्सिलीने त्या टिंबाशेजारी त्यांनी लिहिलं, ‘रस्ता?’ आणि आम्हाला म्हणाले, “रेषा खुर्चीत बसून ओढता येते. टिंबाची चौकशी करायला उठावं लागतं.”

सचिवांच्या मागे लागून त्यांनी नानांसोबत एक फेरी मागून घेतली. टाकी काठोकाठ भरली. सर नानांशेजारी बसले, मी आणि माझी मैत्रीण मागे ज्वारीच्या पोत्यांवर. डांबरी रस्ता संपला आणि पुढे नुसते दगड, नाले, चढ. जीप पहिल्या गिअरमध्ये कण्हत होती. परत येऊन सरांनी पुन्हा टाकी भरायला लावली, हिशेब केला. टिंब जिथे होतं, तिथेच पडलं.

दुसऱ्या दिवशी सर आम्हाला घेऊनच सचिवांकडे गेले. तिथे आणखी प्राध्यापक बसले होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, “मी फक्त वजन मांडलं. चढ मांडलाच नाही. चूक नानांची नाही, माझी आहे.”

“हे एकट्यात सांगता आलं असतं,” सचिव म्हणाले.

“नानांना चोर चारचौघांत म्हटलं होतं,” सर म्हणाले.

नाना कामावर परतले. पुढे उपप्राचार्यपद रिकामं झालं, तेव्हा सर सर्वांत ज्येष्ठ होते, पण ते दुसऱ्याला मिळालं. सरांच्या तोंडून त्याबद्दल मी कधी चकार शब्द ऐकला नाही.

निवृत्तीनंतर ते जळगावला राहायला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी घरच्यांना भेटायला गेले, तेव्हा भिलानाना धुळ्याहून एसटीने येऊन ओसरीत बसले होते. मी शेजारी बसून म्हटलं, “तो आलेख आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता, नाना.” ते माझ्याकडे न बघताच अहिराणीत म्हणाले, “बठ्ठासनी कागद दखा, ताई. सर गाडीमा बठनात.”