सायकल शिकलेला तांदूळ

आमच्या घरात सायकल चालवायला आधी दहा किलो तांदूळ शिकला. रेवा त्यानंतर शिकली.

हे मी लपवलंही असतं. पण आमच्या कॉलनीत तेवीस घरं आहेत आणि तेवीसही घरांनी तो तांदूळ सायकलवरून जाताना पाहिला आहे. तेव्हा मीच सांगून टाकलेलं बरं.

रेवा माझी मुलगी. वय वर्षं सहा. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी ठरवलं की आज तिच्या लाल सायकलची साइडची छोटी चाकं काढायची. माझा नवरा नितीन आठवडाभर बुटीबोरीला कारखान्यात मशीन दुरुस्त करतो, म्हणून रविवारी तो घरातल्या एकाही नटबोल्टला हात लावत नाही. (तत्त्व आहे म्हणे.) तो झोपला होता. पाना मीच हातात घेतला.

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, अंगणात उन्हात बसले होते. त्यांनी पेपर खाली केला.

"काहून काढून राहिली सुनबाई ते चाकं? चांगली चालवते ना पोरगी!"

"बाबा, तिच्या वर्गातल्या सगळ्या मुली दोन चाकांवर चालवतात."

"चालवू दे! आपल्याले चार आहेत तं आपण काय कमी आहो का?"

चाकं निघाली. रेवाला सीटवर बसवलं, मागून घट्ट धरलं आणि म्हटलं, "हं, मार पायडल!"

रेवाने पायडल मारलं नाही. मान वळवून तिने विचारलं, "आई, ही पडत काहून नाही?"

"मी धरलंय ना."

"तसं नाही. उभी असली की पडते. चालली की पडत नाही. काहून?"

आता हे सांगणं भाग आहे की मी शाळेत विज्ञान शिकवते. गेली सोळा वर्षं.

"वेगामुळे," मी ठणकावून सांगितलं.

"वेग काय करते?"

"तोल सांभाळतो."

"कसा?"

"अगंबाई, दूध उतू जातंय!" असं म्हणून मी आत पळाले. (गॅस बंद होता.)

स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोबाइलवर शोधलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, फिरत्या चाकांमुळे पडत नाही. दुसरीकडे होतं, फिरत्या चाकांमुळे मुळीच नाही, हँडल आपोआप वळतं म्हणून. तिसरीकडे दोघांनाही वेड्यात काढलं होतं! चहा गार झाला तरी मी वाचतच होते. लहानपणापासून सायकल चालवली, पोरांना गतीचे नियम घोकायला लावले, आणि हा साधा प्रश्न मला जन्मात कधी पडला नव्हता! वाचता वाचता एक ओळ सापडली. रिकामी सायकल उतारावर ढकलली, तर तीसुद्धा न पडता बरीच लांब जाते.

खरंच?

आमची कॉलनी टेकडीच्या अंगावर आहे. वरच्या पाण्याच्या टाकीपासून खालच्या गेटपर्यंत गल्लीला मस्त उतार. रेवाला घेऊन मी गल्लीत गेले आणि सायकल हलकेच ढकलून दिली. सायकल डुगडुगली, स्वतःच सावरली, सरळ झाली आणि वीसेक पावलं जाऊन मगच आडवी झाली.

"एकटी गेली!" रेवाने टाळ्या पिटल्या.

"एकटी गेली!" मी तिच्यापेक्षा जोरात ओरडले. मग आम्ही हे सहा वेळा केलं. त्यातल्या चार वेळा माझ्या आग्रहाने.

सातव्या वेळी रेवा गंभीर झाली. "पण आई, हिच्यावर कोणी बसलंच नाही. मी बसल्यावर पडंल."

शंका बिनतोड होती. मला पोरीचा इतका अभिमान वाटला! (इथेच थांबले असते तर आज कॉलनीत मान वर करून फिरले असते.)

घरात भंडाऱ्याहून आलेला घमघमणारा चिन्नोर तांदूळ होता, दहा किलोची थैली. ती सीटवर उभी ठेवून माझ्या ओढणीने आवळून बांधली.

"पडली अन् फाटली तं?" रेवा म्हणाली. बरोबर. म्हणून थैलीला रेवाचं गुलाबी जॅकेट घातलं.

"अन् हेल्मेट?"

"तांदळाला कशाला हेल्मेट?"

"तूच म्हणते ना, हेल्मेटशिवाय सायकलवर बसायचं नाही."

नियम म्हणजे नियम. हेल्मेटचा पट्टा थैलीच्या गळ्याखाली बसला.

आम्ही थेट टाकीपाशी गेलो. रेवा माझ्या बाजूला हात मागे बांधून उभी राहिली. "एक, दोन, तीन!" आणि मी ढकललं. जरा जास्तच ढकललं.

तांदळाने काय सायकल चालवली! डुगडुगणं नाही, घाबरणं नाही. जॅकेटच्या बाह्या फडफडताहेत आणि हेल्मेट उन्हात चमकतंय! मी खुशीत होते तोवर बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या वानखेडे काकूंची किंकाळी आली.

"अवं माय! रेवा चालली एकटी! धरा गा कोणी, धरा!"

"काकू, तो तांदूळ आहे!" मी धावता धावता ओरडले.

"पोरगी चालली अन् हिले तांदूळ सुचून राहिला!"

धडाधड दारं उघडली. कोणी दाढीचा फेस घेऊन धावलं, कोणी हातात झारा घेऊन. एक काका तर टॉवेलवरच आले! सगळ्यांच्या पुढे तांदूळ, तांदळामागे कॉलनी आणि कॉलनीमागे मी.

आमचं घर गल्लीच्या मध्यावर. बाबा पेपर टाकून उठलेले मला दिसले. बाबांचे गुडघे असे, की दोन पायऱ्या उतरायलाही त्यांना कठडा लागतो. त्या दिवशी त्यांनी कठड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे ते गल्लीच्या मधोमध येऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"रेवाऽऽ!"

सायकल सरळ त्यांच्या मिठीत शिरली. सायकल, तांदूळ आणि बाबा, तिघेही शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात जाऊन पडले.

मी पोहोचले तेव्हा बाबांनी डोळे गच्च मिटले होते. खालून उसवून वाळूत तांदूळ सांडणारी थैली छातीशी धरून ते हेल्मेट थोपटत होते. "झालं, झालं माय. लागलं तं नाही ना? आजोबा आहे ना इथं. काही नाही होत."

त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. तेवढ्यात मागून सावकाश चालत रेवा आली आणि वाकून तिने पाहिलं.

"आजोबा, तुम्ही तांदळाले काहून थोपटून राहिले?"

बाबांनी डोळे उघडले. रेवाकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, पुन्हा रेवाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"हे काय होय?"

"तांदूळ, बाबा."

"कोणता?"

"चिन्नोर."

"तरीच!" बाबा म्हणाले. "म्हटलं, पोरीच्या अंगाले असा वास काहून येऊन राहिला!"

कॉलनी जी हसत सुटली, ती जेवणाच्या वेळेपर्यंत. नितीन तोंडात ब्रश घेऊन दारात आला आणि काय झालं ते ऐकून पुन्हा आत गेला. बाबा मात्र हसले नाहीत. मी त्यांच्या कोपराला मलम लावत होते तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सुनबाई, खरंच पोरगी असती तं?"

याचं उत्तर मोबाइलवर शोधायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी रेवा सायकल घेऊन बाबांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. "चला आजोबा, मले शिकवा."

"मी? अवं, तुही आई शिकवते ना!"

"आईनं तं ढकलून दिलं. तुम्ही पकडलं. तांदळाले पकडलं तं मले पकडालच ना?"

बाबा उठले. गेटजवळच्या सपाट जागेत, लंगडत लंगडत, सीटला हात लावून ते तिच्यासोबत फिरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी हात कधी सोडला, ते रेवाला कळलं नाही. कळलं तेव्हा ती चौथी फेरी मारत होती आणि बाबा नाक पुसत होते. (धूळ गेली म्हणे.) "सायकल का पडत नाही, ते समजलं का गं?" मी उत्सुकतेने ओरडून विचारलं.

"आई, मधात नको बोलू! मी चालवून राहिली!"

मी बाजूला झाले.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात गतीचा धडा आला. फळ्यावर मी उतार काढला, उतारावर चाक काढलं आणि विचारलं, "काही शंका?" आमच्या कॉलनीतली एक मुलगी त्या वर्गात आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. ती अगदी अदबीने उभी राहिली.

"मॅडम, प्रयोग करून दाखवाल का? तांदूळ आम्ही आणू."

सगळा वर्ग खिदळला. म्हणजे बातमी तेवीस घरांत थांबली नव्हती तर!

"आणा," मी म्हटलं. "आमच्या तांदळातली वाळू अजून निवडून झालेली नाही."