प्रार्थनेत नाव निघालं

उदगीरला आमच्या चर्चमध्ये जेमतेम चाळीस घरं. पण किस्से इतके, की एक सांगायला बसलं की दुसरा चप्पल काढून आत आलेलाच असतो. मी आता नांदेडला गॅरेजात आहे. रविवारीही हातात पाना असतो, पण दहा वाजले की डोक्यात तीच माणसं सुरू होतात. ढोंगी होती. लई आठवतात.

*

आमच्याकडं चहाड्या कुणी करत नसे. चहाडी म्हणजे पाप. म्हणून एस्तेर मावशी प्रार्थनेचे विषय द्यायच्या. बुधवारच्या सभेत उठायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि म्हणायच्या, "नाव घेत न्हाई, पण टाकीजवळच्या निळ्या दाराच्या घरातली सून माहेरी गेली ती आलीच न्हाई. तिच्यासाठी प्रार्थना करा."

टाकीजवळ निळं दार एकच होतं. आमेन व्हायच्या आत सगळ्या गल्लीला कळायचं. देवाचा नंबर शेवटी.

*

ते दुष्काळाचं वर्ष. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही. चर्चमध्ये पावसासाठी उपास-प्रार्थना ठेवली. उदगीर वेगळा जिल्हा करा, हेही तेव्हाच जोरात होतं.

याकोब गुरुजी चर्चचे पंच. (पंच म्हणजे ज्याचं घरात कुणी ऐकत नाही तो.) ते डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, आमच्या लातूर जिल्ह्यावर पाऊस पाड." शेजारी त्यांचे सख्खे मेव्हणे दाविद काका, एसटीतले रिटायर कंडक्टर, नव्या जिल्ह्यासाठी मोर्चात पुढं असणारे. तेही डोळे मिटूनच म्हणाले, "उदगीर जिल्ह्यावर, प्रभू." गुरुजींनी पुन्हा लातूर म्हटलं. काकांनी पुन्हा उदगीर. असं चार वेळा.

शेवटी गुरुजींनी डोळे उघडले. "दाविद, देवाला खोटा पत्ता देऊ नको!"

पाऊस पडला नाही. जिल्हा झाला नाही. अबोला तेवढा झाला.

*

त्याच अबोल्यात गुरुजींचा पाय मोडला. टँकरवर जाणार कोण? काकू, म्हणजे गुरुजींच्या बायको, दम्याच्या. दुसऱ्या दिवसापासून दाविद काका सकाळी दोन घागरी आणून ओट्यावर ठेवायचे, मोठ्यानं खोकायचे आणि निघून जायचे. आतून गुरुजी खोकायचे, म्हणजे पाणी पोचलं. महिनाभर दोघं म्हातारे एकमेकांकडं बघून नुसते खोकत होते.

शेवटी काकूंनी दोघांसाठी काढा केला.

*

आमच्या पाळकसाहेबांनी एकदा उपदेशाला विषय घेतला : घरच्या माणसांबद्दल मनात कडूपण धरू नका. एक तास झाला, सव्वा झाला. सकाळी त्यांचं आणि पाळकबाईंचं वाजलेलं अर्ध्या मंडळीनं खिडकीतून ऐकलं होतं. बाई पेटीवर बसलेल्या. साहेबांच्या तोंडून 'क्षमा' हा शब्द नवव्यांदा आला, तसा बाईंनी शेवटच्या गीताचा सूर धरला.

मंडळी उभी राहिली. उपदेश संपला.

*

मग माझा नंबर. मी पॉलिटेक्निक शेवटच्या वर्षाला सोडलं. घरी पप्पांनी शिव्या दिल्या, ते ठीक. बापाचं कामच आहे ते. पण बुधवारी ते सभेत उभे राहिले आणि माझं नाव घेऊन म्हणाले, "पोरगं शिक्षण सोडून घरी बसून राहिलंय. त्याचं मन वळावं म्हणून प्रार्थना करा." चाळीस घरांनी केली. दुसऱ्या दिवशी साबण आणायला गेलो तर दुकानदार विचारतोय, वळलं का मन?

मी पप्पांशी बोलणं बंद केलं. सात महिने. पंख्याचं बटण पप्पांच्या हाताशी, मम्मी स्वयंपाकघरात, आणि मी तिला ओरडून सांगायचो की त्यांना म्हणावं, पंखा बंद करा. एक दिवस ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "मी काय टेलिफोन हाय का तुमचा?"

पप्पांच्या चपलांचा आवाज आला तरी माझं डोकं तापायचं. तो राग जावा असं मलाही वाटायचं. जात नव्हता.

*

प्रभुभोजनाच्या रविवारी आमच्याकडं एक पद्धत. ज्याचा कुणाशी अबोला असेल त्यानं आधी उठून त्या माणसाचा हात हातात घ्यायचा. नसेल जमत, तर भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा नाही.

माझ्या अबोल्याच्या सातव्या महिन्यातल्या त्या रविवारी याकोब गुरुजी काठी टेकत दाविद काकांकडं गेले. मंडळी रडली. मी जागचा हललो नाही. पप्पाही नाही.

पण पप्पाही पंच. रसाचा ट्रे बाकाबाकांवर फिरवायचं काम त्यांचं. ते एकेक बाक करत माझ्यापर्यंत आले. मी टोकाला बसलेलो, नजर फरशीवर. नियमानं त्यांनी मला सोडून पुढं जायचं. ते गेले नाहीत. ट्रेमधले ग्लास बारीक किणकिणत होते. पाळकसाहेब खाकरले. पेटी थांबली.

पप्पा म्हणाले, "सरक जरा."

मी सरकलो. ते बसले, भरलेला ट्रे मांडीवर घेऊन. मागच्या तीन बाकांना त्या दिवशी लई उशीर झाला.