मिठाच्या पाण्यातली बाजरी

त्या मंगळवारी सकाळी घरातली चार माणसं जेवली. दुपारी चौघं ग्रामीण रुग्णालयात होती. पाचवी घरी होती.

तो मंगळवार मी अजून विसरलेलो नाही. साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. ती माणसं आजही तिथेच राहतात.

ठाण्यात पहिला फोन रुग्णालयातून आला नाही, भावकीतून आला. फोन करणारे त्या घराचे चुलते होते, शेजारीच राहणारे. ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला.

"सायेब, सुनंनं जेवणात औषध घातलंया. समदी पडल्यात. ती एकटी धडधाकट हाय."

"तुम्ही पाहिलंत घालताना?"

"बघायचं काय त्यात? चार पडली, एक उभी हाय. हिशेब तुमीच करा की."

खरं सांगायचं तर हिशेब मलाही तसाच दिसत होता. घर मूळचं मेंढपाळाचं. आता थोडी शेती आणि मोजकीच मेंढरं उरलेली. सासरा, सासू, माहेरपणाला आलेली नणंद आणि धाकटा दीर आजारी होते. नवरा सैन्यात, दूर सीमेवर. सून इस्लामपूरकडची, उसाच्या गावातली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आदल्या दिवशी सासू-सुनेची मोठी कुरबुर झाली होती आणि ती गल्लीने ऐकली होती.

मी आधी रुग्णालयात गेलो. चौघांनाही उलट्या झाल्या होत्या. गरगरत होतं आणि झोप आवरत नव्हती. सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "भित फिरतीया सायेब. तिलाच इचारा. आमचं घर गोड लागत न्हाई तिला."

डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, "शेतातलं कीटकनाशक वाटत नाही. तोंडाला फेस नाही, डोळ्यांच्या बाहुल्या ठीक आहेत, वासही नाही. गुंगीचं काही असेल. काय, ते नाही सांगता येणार."

डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. काय असेल?

दुपारीच घरी जाऊन पंचनामा केला. चुलते पुढे पुढे करत होते. गोठ्यात औषधाची अर्धी बाटली सापडली तेव्हा त्यांनी पंचांकडे असं पाहिलं, जणू खटला निकाली निघाला. वांग्यावर फवारायचं औषध होतं ते. तिथे घरोघरी सापडेल. तरी मी ती बाटली, आमटीचं पातेलं, पिण्याच्या पाण्याची घागर, दुधाचं भांडं, चटणी-मिठाचे डबे जप्त केले, सील केले आणि रासायनिक पृथक्करणासाठी पाठवायची तजवीज केली. भाकरीची टोपली रिकामी होती. पिठाचा डबा फळीवर होता. त्याला आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. जेवणात काही घातलं म्हणजे ते आमटीत घातलं, असंच प्रत्येकाच्या मनात होतं.

बाईचा जबाब तिच्या राहत्या घरीच घ्यायचा असतो. आमच्या महिला हवालदार तिच्याशेजारी बसल्या. मी उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची घेतली.

"सकाळी काय खाल्लंस?"

"समद्यांनी खाल्लं तेच. आमटी, भाकरी."

"किती?"

"एक भाकरी."

"मग तुला काही झालं नाही?"

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तीच गोष्ट मी तीन प्रकारे विचारली. तिन्ही वेळा तिने तेच सांगितलं आणि तिन्ही वेळा मान खाली घातली.

बाहेर आल्यावर हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, पोरगी खोटं बोलतीया. पण आपली गिऱ्हाइकं बोलतात तसं न्हाई. सुना सासूपुढं बोलतात तसं."

"फरक काय?"

"तुमी सून नव्हता कधी. तुमास्नी काय सांगू?"

एवढ्यात सुनेच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता. "साहेब, आई कशी हाय?" बरी होतेय, असं मी सांगितलं. मग तो म्हणाला, "चुलते म्हणत्यात, हिला आत टाका. साहेब, मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

मी म्हणालो, "आज कुणाच्याच नको."

फोन ठेवून अंगणात वळलो तर कडुनिंबाखाली बांधलेलं कोकरू दिसलं. मघापासून ते तिथेच होतं, पण आम्ही माणसं शोधत होतो. त्याची मान सारखी खाली पडत होती. मी त्याला उभं केलं. पाय चार दिशांना फाकले आणि ते पुन्हा बसलं.

"ऊन लागलं आसंल," चुलते म्हणाले. अंगणात ऊन नव्हतं.

"हे खातं काय?"

"आय मेली त्येची. घरातलं दूध पितं, पाला खातं. भाकरीचा तुकडा दिला तर त्योबी."

त्याच दुधाचा चहा सुनेनेही घेतला होता. तोच पाला खाऊन गोठ्यातल्या दोन शेळ्या खुशाल उभ्या होत्या. कोकराला आमटी कुणी घातली नव्हती. मग उरली एकच वस्तू.

मी परत उंबऱ्याशी गेलो. या वेळी चुलत्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला शिपाई दिला.

"बाई, कोकराला भाकरी कुणी घातली?"

ती रडायलाच लागली. हवालदार बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग की गं. भाकरी घातली म्हणून कुणी फाशी देत न्हाई."

"मला बाजरी उतरत न्हाई," ती म्हणाली. "घशात टोचती. माहेरी जवारी न्हाईतर चपाती. हितं आल्यापास्नं माझ्या वाटणीची भाकरी पदराआड धरते आन् मेंढरांस्नी घालते, आता ह्या कोकराला. सासूबाईंस्नी कळलं तर म्हणतील, आली बघा उसातली लाडकी."

"आणि तू काय खातेस?"

"शेंगदाणं. आईनं दिलेला गूळ हाय."

एवढ्यासाठी ती पोलिसांशी खोटं बोलत होती. तुरुंगापेक्षा सासूच्या टोमण्याची भीती तिला मोठी होती. काही तासांनी मी तिला अटक केली असती, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

आता पिठाचा डबा खाली घेतला. नव्या बाजरीचं ते पहिलंच दळण होतं, आदल्या दिवशी गिरणीतून आणलेलं. पीठ आणि पोत्यातली बाजरी दोन्ही सील केली. पोत्यापाशी मूठभर दाणे सांडले होते. त्यात काळपट, लांबट काहीतरी होतं. पंच म्हणाले, "उंदराच्या लेंड्या." ते सांडलेले दाणे मी कागदात बांधून घरी नेले, कारण माझ्या घरी विचारायला माणूस होतं.

माझी पत्नी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिने ते काळे कण कागदावर वेगळे केले आणि एक ब्लेडने कापला. आत करडा, थोडा जांभळट. "उंदराचं नाही हे," ती म्हणाली. "लेंडी पाण्यात विरघळते. थांबा." काचेच्या बरणीत तिने पाणी घेतलं, त्यात चांगलं दाट मीठ ढवळलं आणि सगळे दाणे आत टाकले. बाजरी तळाशी गेली. काळे कण वर आले.

"बघा," ती म्हणाली, "तुमचा आरोपी तरंगला."

मग कपाटातून वनस्पतिशास्त्राचं जुनं पुस्तक काढून तिने मला वाचायला बसवलं. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस आणि ढग लागून राहिले तर एक बुरशी कणसात शिरते. आधी कणसावर मधासारखे चिकट थेंब येतात. मग दाण्याच्या जागी काळी गाठ तयार होते. तिला अरगट म्हणतात. ती दळली गेली की उलट्या, चक्कर, गुंगी. वाचताना मला जेवायचं भान राहिलं नाही. कुणाचाही हेतू नसलेलं विष मी पहिल्यांदाच पाहत होतो.

तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी पोतं पाहून तेच सांगितलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. आमटी, दूध, पाणी निर्दोष निघालं. स्टेशन डायरीला नोंद करून चौकशी बंद केली. गुन्हा दाखल झालाच नाही.

पण माझ्या मते प्रकरण मिटलं ते चौघं घरी आल्यावर. मी मुद्दाम गेलो. सगळ्यांसमोर तांब्याभर मिठाचं पाणी परातीत ओतायला लावलं आणि पोत्यातली ओंजळभर बाजरी त्यात सोडली. चुलतेही मान लांब करून बघत होते. काळे कण वर आले. सासूबाईंनी ते बोटांनी उचलले आणि डोळ्यांजवळ नेले.

"ही तर मी दर साली रानातच मोडून टाकते," त्या म्हणाल्या. "काळी कणसं घरात येऊच देत न्हाई."

धाकटा मुलगा जमिनीकडे बघत होता. त्या वर्षी आईचा गुडघा धरला होता म्हणून त्याने यंत्र बोलावून एका दिवसात मळणी उरकली होती. कणसं कुणी निवडली नव्हती.

"लय शाना," सासरे त्याला म्हणाले.

सासूबाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मला वाटलं, माफीचं काही बोलतील. त्या रागावल्याच.

"आन् तू गं? इतकं म्हैनं उपाशी ऱ्हायलीस व्हय माझ्या घरात? त्वांड न्हाई तुला? जवारी काय मिळत न्हाई बाजारात?"

या वेळी सुनेने मान खाली घातली नाही. चुलते हळूच उठून चपला शोधू लागले. हवालदार बाई म्हणाल्या, "बसा की आण्णा, च्या व्हतुया."

नोकरीत मी यापेक्षा मोठे गुन्हे हाताळले. सांगलीतली शेवटची वर्षं तर तशाच प्रकरणांत गेली. पण नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी हेच प्रकरण सांगतो. विषबाधा म्हटलं की आपण आधी विचारतो, कोणाचं कोणाशी वैर होतं. आधी विचारायला हवं, कोणी काय खाल्लं आणि कोणी काय खाल्लं नाही. आणि खोटं बोलणारा माणूस काय लपवतो आहे, हे कळेपर्यंत त्याला आरोपी म्हणू नये. माणसं गुन्हा लपवतात, तशी भूकही लपवतात.

त्या घरी नंतर एकदा जाणं झालं. ताटात ज्वारीची भाकरी होती आणि बाजरीचीही. कोकराचा दांडगा मेंढा झाला होता. त्याने माझ्या गाडीला टक्कर दिली.

पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. रहिमतपूरच्या घरी आता मी एकटा असतो. तिच्या पुस्तकांवरची धूळ झटकतो, एखादं उघडून वाचत बसतो. बाजारातून बाजरी आणली की मिठाच्या पाण्यात टाकतो, वर काही येतं का बघतो, मग तीनदा धुऊन गच्चीवर वाळत घालतो. बहुतेक वेळा वर काहीच येत नाही.

बरणी तीच आहे.