जर्नलातला पत्ता

तर काल आपली गोष्ट वायरीपाशी थांबली होती. गोरक्षनाथनं आमच्या ओसरीवर दोन जुने संगणक मांडले, मधून निळी वायर ओढली आणि मला एकापुढं बसवलं. मी सातवी शिकलेला माणूस, पण त्यानं मला सर्व्हर चालवायला दिला, हे मी अजून आल्यागेल्या पाहुण्याला सांगतो. दुसऱ्यापुढं आमची साळूबाई. ती क्लायंट, म्हणजे मागणारी; मी देणारा. तिनं घाईनं बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी नकाराचं उमटलं.

"काकू, तात्यांनी आपला प्रोग्राम सुरूच केला न्हाई अजून," गोरक्षनाथ म्हणाला. "खिडकीत क्लार्क बसला न्हाई आन् तुमी पास मागताय."

"ह्यांचं असंच हाय. चाळीस वर्षं हाका मारतीय मी," साळूबाई म्हणाली.

मग मी आधी सर्व्हर सुरू केला. म्हणजे काय, तर आपल्या यंत्राचा एक पत्ता असतो आणि त्यात खिडकीचा एक नंबर. त्या खिडकीशी कान लावून बसून राहायचं. साळूबाईनं तोच पत्ता, तोच नंबर घालून स्वतःचं नाव टाईप केलं, आणि ते माझ्या पडद्यावर आलं की हो. त्या दिवशी मी दोनदा चहा पाजला सगळ्यांना.

गोरक्षनाथ आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो. मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत वाढला. शाळा वर्षातून सहा महिने. बारावी करून इथं श्रीरामपुरात एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये झाडलोटीला लागला आणि पोरांच्या खांद्यावरून बघत बघत सगळं शिकला. आता कुणाचा प्रोग्राम अडला की लॅबचे सर पोराला याच्याकडंच पाठवतात. चौदा वर्षं झाली. नेमणुकीची ऑर्डर मात्र अकरा महिन्यांची. ती संपली की घरी बसवतात, मग नवी देतात. त्या दिवसांत तो आमच्या अंगणातलं गवत उपटत बसतो आणि साळूबाईनं हाक मारली तरी ओ देत नाही.

औंदा लॅब सहायकाची कायम जागा निघाली. वयाची अट बघता त्याच्यासाठी ही शेवटचीच. परीक्षा काय, तर सर्व्हर आणि क्लायंट लिहून एकमेकांशी बोलते करून दाखवायचे. मीही गेलो बरोबर. लॅबबाहेर बाकावर बसलो. दार उघडंच होतं.

दोघेच उमेदवार. पहिला ओम, तीन वर्षांपूर्वीचा तिथलाच विद्यार्थी, गोरक्षनाथच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं दोन्ही प्रोग्राम एकाच संगणकावर चालवून दाखवले. गोरक्षनाथनं सर्व्हर दारापाशी ठेवला आणि क्लायंट पार पलीकडच्या भिंतीशी. इकडून निरोप गेला, तिकडून उत्तर आलं. मी बाकावरून उठून उभा राहिलो.

बाहेरगावचे परीक्षक आप्पासाहेब यांनी पडदा पाहिला, मग कॉलेजचं जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची नमुना वही उघडली.

"इथं पत्ता १२७.०.०.१ लिहिलाय. तुमच्याकडं १९२.१६८ कुठून आलं?"

"साहेब, जर्नलातलं ते एकाच मशीनवर केल्यावर येतं. मी दोन वापरल्यात."

"जर्नलशी जुळायला नको?"

"जर्नल बी मीच लिहिलंय, साहेब. त्या साली मशीन जोडायचा स्विच जळाला हुता. म्हणून तात्पुरतं एकाच मशीनवर करून..."

"म्हणजे स्वतःचं लिहिलेलंच पाठ नाही तुमचं," आप्पासाहेब हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

गोरक्षनाथचं खरं होतं. जर्नलातला तो आकडा म्हणजे यंत्रानं स्वतःलाच मारलेली हाक. जर्नलावर नाव सरांचं, लिहिणारा हा. स्विच पुढच्याच महिन्यात नवा आला, पण ते पान नऊ वर्षं प्रत्येक बॅच तसंच उतरवत आली, आणि सह्या होत राहिल्या. सर तिथंच बसले होते. त्यांनी चष्मा पुसला.

चार दिवसांनी फळ्यावर ओमचं नाव लागलं. गोरक्षनाथच्या नावापुढं शेरा होता: 'उत्तर नमुन्याशी जुळत नाही.'

संध्याकाळी तो ओसरीवर येऊन टेकला. साळूबाईनं चहा दिला, त्यावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

"गड्या," मी म्हणालो, "वहीत काय हाय ते तुला ठावं हुतं. एकाच मशीनवर करून मोकळं व्हायचं हुतं. कशाला दुसऱ्या मशीनच्या नादी लागलास?"

 त्यावर तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो:

"तात्या, त्यांनी दोघांना एकमेकांशी बोलतं करा म्हनून सांगितलं हुतं, मी केलं. आता माझी ऑर्डर मार्चपर्यंत हाय. तवर ओमला दोन मशीन कशा जोडायच्या ते शिकवून ठेवा, असं सरांनी आजच सांगितलंय."